मानवी घटक अभियांत्रिकी (लष्करी संगणक खरेदीतील)

यंत्र वापरणाऱ्या माणसाची नजर, हात, स्मरणशक्ती आणि थकवा यांचे माप घेऊन यंत्राची रचना करण्याचे शास्त्र. लष्करी संगणक प्रणाली विकत घेताना त्याची जागा मागणीच्या कागदातच असावी लागते. करार झाल्यावर पडद्यावरचे एक बटण हलवायचे म्हटले, तरी पुन्हा पैसा आणि पुन्हा चाचण्या लागतात.

या शास्त्राची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. बी-१७ बॉम्बफेकी विमाने उतरल्यावर वैमानिक पंखांवरचे फ्लॅप मिटवायला जात आणि चाके मिटवून बसत. दोन्ही स्विच एकसारखे आणि शेजारीशेजारी होते. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने दोष वैमानिकाचा नसून रचनेचा आहे हे ओळखले आणि एका खटक्याला चाकाचा, दुसऱ्याला पाचरीचा आकार देववला. (उलट्या अंगाने पाहिले तर दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, हेही याच शास्त्राचे काम म्हणता येईल; परका माणूस तिथे चुकावा म्हणूनच ती केली आहे.)

संगणकातला असा दोष डोळ्यांना दिसत नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तो विहिरीवरच्या ऑटो-स्टार्टरवरून चटकन कळेल. लाईट रात्री दोनला येते. स्टार्टर ‘ऑटो’वर असला की मालक घरी झोपलेला असतानाच मोटार चालू होते. सोय मोठी आहे. पण लाईट गेलेली असताना कोणी पेटी उघडून वायर चाचपू लागला आणि ऑटो बंद करायचे विसरला, तर तीच सोय जिवावर बेतते. ५ डिसेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात याच जातीची चूक घडली. अमेरिकी पथकाने जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र पुन्हा सुरू झाले ते लक्ष्याऐवजी स्वतःच्याच जागेचे आकडे दाखवत. तेच आकडे विमानाला कळवले गेले आणि बॉम्ब आपल्याच माणसांवर पडला. तीन अमेरिकी सैनिक व सोबतचे अफगाण लढवय्ये ठार झाले. यंत्र बिघडले नव्हते. बॅटरी बदलल्यावर ते वागायला हवे तसेच वागले होते, फक्त ते कसे वागेल हे ऐन घाईत कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

समुद्रावरची दोन उदाहरणे नेहमी दिली जातात. १९८८ मध्ये अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले, २९० जण गेले; विमान वर चढत असताना ते खाली येत असल्याचा समज नौकेवर झाला होता. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेच्याच ‘जॉन एस. मॅकेन’ या युद्धनौकेची तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन १० नौसैनिक दगावले. सुकाणूचा ताबा कोणत्या टचस्क्रीनकडे गेला, याचाच तिथे घोळ झाला. पुढे अमेरिकी नौदलाने हाताने ओढायचे खटके परत आणायचे ठरवले.

अमेरिकेत या विषयाचे मानक, मिल-एसटीडी-१४७२, १९६८ पासून आहे. भारतात खरेदी संरक्षण अधिग्रहण कार्यपद्धतीनुसार चालते: आधी गुणात्मक गरजा (यंत्रात काय काय हवे त्याची यादी), मग निविदा, मैदानी चाचण्या, आणि उत्तीर्ण ठरलेल्यांत साधारणपणे सर्वांत कमी बोलीचा, म्हणजे एल-वन. त्यामुळे जे मागितलेच नाही ते पुरवणारा पुरवठादार महाग ठरून बाहेर पडण्याचा धोका असतो. ‘वापरण्यास सुलभ असावी’ एवढे लिहून भागत नाही, कारण ते मोजता येत नाही. हातमोजे घालून कळा दाबता याव्यात, भर उन्हात पडदा वाचता यावा, अमुक काम अमुक सेकंदांत व्हावे, बॅटरी बदलल्यावर जुना आकडा पुसला गेल्याचे यंत्राने सांगावे, असे लिहिले तर चाचणीत पास-नापास करता येते.

चाचणीला कोणाला बसवायचे, हा यातला खरा कळीचा मुद्दा. कंपनीच्या अभियंत्याने शिकवून तयार केलेला हुशार अधिकारी बसवला की सगळे सुरळीत दिसते. बसवायला हवा तो जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून आलेला लातूर-बीडकडचा जवान. तोही रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला, इंग्रजी लघुरूपांनी भरलेल्या पडद्यासमोर, शेजारी कोणी सांगणारा नसताना.