ताल चुकतो की तालाचं वाचन चुकतं?

अमरावती-यवतमाळकडच्या गावांत पोट्टं तबल्याआधी खंजिरी हातात घेतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा वारसा इथं सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत कानावर पडतो, भजन ऐकूनच पाठ होतं. तेच पोट्टं तालुक्याच्या क्लासला गेलं की शेरा मिळतो, ‘याले तालच नाही.’ हा शेरा बहुतेक वेळा वही उघडल्यावर येतो, हे कोणी लक्षात घेत नाही.

तीनतालाचा प्रचलित ठेका, म्हणजे तबल्यावर वाजणारे त्याचे ठरलेले बोल, कागदावर पाहा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, आणि चारच बोल, तेही एकमेकांसारखे दिसणारे. वाचनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, असलेलं मूल इथं ओळ सोडतं, विभागाची रेघ ओलांडतं, ‘धिं’चं ‘तिं’ करतं. कानाला मात्र हा गोंधळ नाही. दहाव्या मात्रेला डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा जातो आणि चौदाव्याला परत येतो, ते भजनात बसलेल्या पोराला सांगावं लागत नाही.

स्वरांचं तर आणखी विचित्र. स्वर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत: भातखंडे पद्धतीत स्वरावरचा टिंब म्हणजे तार सप्तक (उंच स्वर), पलुस्कर पद्धतीत तोच टिंब म्हणजे मंद्र (खालचे स्वर). पुस्तक एका पद्धतीचं अन् सरांची वही दुसऱ्या पद्धतीची असेल, तर चांगला वाचणाराही अडखळेल.

म्हणून आधी वही मिटा. ठेका तोंडानं म्हणा, टाळी-खाली (कुठं टाळी वाजवायची, कुठं हात नुसता बाजूला न्यायचा) दाखवा, मुलाला तसंच करायला सांगा. ऐकून बरोबर आणि वाचून चूक, तर अडचण वाचनाची. अशा मुलाला बोल आधी पाठ होऊ द्या, कागद मागून. अक्षरं मोठी, पानावर एकच आवर्तन, म्हणजे तालाचा एकच फेरा, खालीचा विभाग वेगळ्या रंगात. धडा फोनवर रेकॉर्ड करून दिला तर घरी वहीची गरजच पडत नाही.

ऐकूनही चुकलं तर घाईनं निष्कर्ष काढू नका. बोल तोंडानं नीट येतात पण हात मागे राहतो, असं असेल तर तालाची जाण शाबूत आहे, अडचण हाताच्या हालचालींच्या मेळाची असू शकते. तोंडानंही लय सुटत असेल तर संथ लयीत चालत चालत ‘धा’वर पाऊल टाकायला लावा, पक्क्या वाजवणाऱ्याच्या शेजारी बसवा. चारचौघांत एकट्यानं वाजवायला लावू नका, तो छळ आहे.

वाचनाची आणि लयीची, दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात. केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांच्या संशोधनात डिस्लेक्सिया असलेल्या अनेक मुलांना लय पकडणंही जड जातं असं दिसलं आहे. त्यामुळे वही मिटली की सगळं सुटतं, असं मी म्हणणार नाही.

आणि कान तपासा. कान वाहणं आपल्याकडे घरचे किरकोळ समजतात, पण त्यानं ऐकू कमी येतं आणि मूल ‘बेसूर’ ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं सरकारी आरोग्य पथक जिल्हा परिषदेच्या शाळेत तपासणीला येतं. त्यांच्या यादीत कानाचे आजारही आहेत आणि शिकण्यातल्या अडचणीही. अध्ययन अक्षमता 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मोडते, त्यामुळे निदान झालं तर प्रमाणपत्रही मिळू शकतं. पथकाला ‘पोरगं कमजोर आहे’ एवढंच न सांगता, ऐकून काय येतं आणि वाचून काय येत नाही, ते लिहून द्या.