बॅक वर गेला, मग मागे कोण? फुलबॅकच्या धावण्यामागची पार्श्वभूमी

यंदा मे महिन्यात आमच्या पट्ट्यात जेवढ्या फुटबॉलच्या सेव्हन-अ-साइड टुर्नामेंट बघितल्या, सावंतवाडी म्हणा, वेंगुर्ला म्हणा, तिथे एक गोष्ट जवळपास प्रत्येक टीमची सारखी होती, सगळ्यात पळका पोरगा बॅकला, म्हणजे मागे बचावाला. आमच्या वेळी बॅकला जायचा तो एकतर अंगाने दांडगा, नाहीतर ज्याच्या पायात बॉल थांबत नाही असा. आता तोच बॅक लाइन पकडून वर जातो, क्रॉस (कडेवरून गोलसमोर बॉल) टाकतो, परत धावत येतो आणि मधली दोन-तीन पोरं एकमेकांना चिकटून मध्येच खेळतात, कडेला फिरकत पण नाहीत. बाहेर बसलेली म्हातारी मंडळी मात्र अजून तेच ओरडतात, "झिला, तू फुडे गेलंस, मागे कोण ऱ्हवतलो?"

हा प्रश्न म्हणजेच या सगळ्या प्रकाराचा इतिहास आहे असं माझं मत. फुलबॅक (कडेचा बॅक) वर जाण्याचं कौतुक सगळे करतात, पण तो जाऊ शकला कारण मधे कोणीतरी गप्प उभं राहिलं, आणि त्या उभं राहणाऱ्याला दर वेळी शिव्याच पडल्यात.

शिरोड्याला वेळागरावर ओहोटीच्या वेळी खेळलेल्यांना हे लगेच कळेल. पाण्याकडची वाळू ओली, कडक, तिथे बॉल पळतो आणि माणूस पण पळतो. सुरूच्या झाडांकडची वाळू कोरडी, पाय घोट्यापर्यंत आत. पाण्याकडचा बॅक तासभर वर-खाली करेल, सुरूकडचा एकदा वर गेला की परत येईपर्यंत गोल झालेला असतो. मी कायम सुरूकडे खेळलो, त्यामुळे माझं मत थोडं कडू आहे हे आधीच सांगून टाकतो.

फार मागे जात नाही. फुलबॅक हे नाव आलं तेव्हा ते दोघं खरोखरच सगळ्यात मागे, गोलकीपरच्या पुढ्यात मधोमध असायचे. १९२५ ला ऑफसाइडचा नियम बदलला, पास मिळताना फॉरवर्ड आणि गोललाइन यांच्यामध्ये समोरच्या टीमची तीन माणसं लागायची तिथे दोन पुरे झाली, फॉरवर्ड मोकाट सुटले म्हणून मधल्या हाफला (बॅकच्या पुढे खेळणाऱ्याला) ओढून त्या दोघांच्या मध्ये उभा केला आणि ते दोघं कडेला सरकले. जागा बदलली, नाव तेच राहिलं. ब्राझीलमध्ये याच पोझिशनला लातेराल म्हणतात, म्हणजे बाजूचा माणूस, त्यात 'मागचा' असं काही नाहीच. तिथले बॅक पुढे का जातात याचं अर्धं उत्तर मला या नावातच दिसतं, बाकीच्यांना पटेल न पटेल.

१९५८ च्या वर्ल्ड कपला ब्राझीलने चार बॅक मांडले आणि पहिल्याच मॅचमध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध त्यांच्या लेफ्ट बॅकने वर जाऊन गोल केला, ३-० ने जिंकले. पण बघायची गोष्ट वेगळीच होती, त्याच्या पुढचा लेफ्ट आऊट. तो विंगर, म्हणजे कडेने पुढे खेळणारा असून मागे येऊन मिडफिल्डला (मधल्या फळीला) हातभार लावायचा. म्हणजे बॅक वर, विंगर खाली. सौदा तिथेच ठरला.

मग १९६६ चं इंग्लंड. ग्रुपच्या तीन मॅचमध्ये कोचने दर वेळी एक वेगळा विंगर खेळवून बघितला आणि क्वार्टर फायनलपासून विंगरच काढून टाकले. मिडफिल्ड आवळलेलं, कडेची सगळी जागा बॅकना. वर्ल्ड कप जिंकला, फायनल ४-२, तरी तिथले जुने लोक अजून म्हणतात की यानेच आमचे विंगर मारले. आणि २०१८-१९ ला त्याच देशात, मर्सी नदीकाठच्या लाल टीमच्या, म्हणजे लिव्हरपूलच्या राइट बॅकने लीगमध्ये १२ असिस्ट (गोलच्या आधीचा शेवटचा पास) दिले, लेफ्ट बॅकने ११, तेव्हा सगळा देश टाळ्या वाजवत होता. त्या टीमचे मधले तिघं आठवतात? गोल करत नाहीत, पास मारत नाहीत, नुसते धावतात, अशी बोंब असायची. अरे, ते तिघं त्या दोन बॅकच्या मागच्या खिडक्या बंद करत होते, आणखी काय करायला हवं होतं! पुढच्या सीझनला त्याच बॅकचे आकडे १३ आणि १२ झाले.

१९७० च्या वर्ल्ड कप फायनलमधला ब्राझीलचा चौथा गोल सगळ्यांनी शंभरदा बघितलाय, राइट बॅक मागून धावत येतो आणि सणसणीत मारतो. तो परत बघाल तेव्हा बॉलकडे बघू नका, इटलीच्या लेफ्ट बॅककडे बघा. ब्राझीलचा राइट विंगर आपली बाजू सोडून पार डावीकडे गेलाय आणि हा त्याला मार्क करत करत त्याच्या मागे गेलाय, त्यामुळे ती अख्खी बाजू ओस पडली. गंमत म्हणजे हाच लेफ्ट बॅक युरोपात पुढे जाणाऱ्या बॅकचा पहिला मोठा नमुना. १९६५ ला युरोपियन कपच्या सेमीफायनलमध्ये, दोन मॅचपैकी पहिली ३-१ ने हरल्यावर, घरच्या मॅचमध्ये तिसरा गोल यानेच मारून मिलानच्या आपल्या क्लबला फायनलला नेलेलं. पाच वर्षांनी त्याच्या मागच्या रिकाम्या जागेतून दुसऱ्या बॅकने गोल केला.

१९८२ चं ब्राझील आणि १९८४ चं फ्रान्स, दोघांचंही मिडफिल्ड मधे चौकोनासारखं. एक वर्ल्ड कपला इटलीकडून ३-२ हरून घरी गेलं आणि एक युरो, म्हणजे युरोपचा कप जिंकलं. फ्रान्सच्या सेमीफायनलला पोर्तुगालविरुद्ध ३-२ मध्ये दोन गोल लेफ्ट बॅकचे होते, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला, कारण मला पोचायचंय १९९४ ला.

१९९४ हा मी नीट बघितलेला पहिला वर्ल्ड कप. अमेरिकेत दुपार म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरची वेळ, जून-जुलै म्हणजे आपल्याकडचा धो धो पाऊस, आणि वाडीत कलर टीव्ही एकच. अँटेनाला एक पोरगं कायम छत्री घेऊन उभं. ब्राझील-स्वीडन सेमीफायनल आमच्याकडे पहाटे लागलेली, अर्धी वाडी काळा चहा पीत बसलेली, सेकंड हाफमध्ये लाइट गेली. आली तेव्हा उजाडलं होतं, स्कोर १-० होता आणि गोल कसा झाला ते एकालाही माहीत नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी बघितला, राइट बॅकचा उजवीकडून क्रॉस, आणि गर्दीतल्या सगळ्यात बुटक्या फॉरवर्डचं हेडर, ८० वं मिनिट.

त्या वर्ल्ड कपमधला सगळ्यात वादाचा निर्णय ब्राझीलमध्ये अजून चघळला जातो, आणि आपल्याकडे कोणी त्याचं नाव काढत नाही, म्हणून जरा लांबण लावतो. ब्राझीलची टीम चार बॅक, मधे चार आणि वर दोन अशी. मधल्या चारांपैकी दोघं मागे खुंटा मारून उभे, त्यांच्या पुढे दोघं. त्या पुढच्या दोघांत एक होता कॅप्टन, १० नंबरवाला, उंच, देखणा, आख्ख्या देशाचा लाडका. पहिल्या मॅचला रशियाविरुद्ध त्याने पेनल्टी पण मारली. ग्रुपमध्ये रशिया २-०, कॅमेरून ३-०, स्वीडन १-१. टीम हरलेली नाही, आणि तरी राउंड ऑफ १६ ला अमेरिकेविरुद्ध कोचने कॅप्टनलाच बाहेर बसवलं. त्याच्या जागी घेतला कोण, तर एक गप्प काम करणारा मिडफिल्डर, जो त्याआधी ब्राझीलसाठी फुलबॅक म्हणूनही खेळलेला. कॅप्टनचा पट्टा गेला मागच्या दोन खुंट्यांपैकी एकाकडे.

लोक भडकले. सुंदर खेळाचा देश आणि मधे चारपैकी तीन हमाल, हा काय प्रकार? आणि त्याच मॅचमध्ये हाफटाइमच्या जरा आधी लेफ्ट बॅकने कोपर मारलं, रेड कार्ड. दहा जणांनी खेळून १-० जिंकले. माझं म्हणणं असं की नेमकं त्या दिवशी तो निर्णय कामाला आला, बॅकचं काम माहीत असलेला माणूस मधे आधीच होता. कॅप्टनवाले लगेच सेमीफायनल काढतात, आणि त्यांचा मुद्दा फेकण्यासारखा नाही. सेमीत हाफटाइमला त्याच हमालाला काढून जुन्या कॅप्टनला आत घेतलं आणि गोल त्यानंतर झाला. आता यावर माझं उत्तर, स्वीडनचा एक माणूस त्या गोलच्या आधी रेड कार्डने बाहेर गेलेला, म्हणजे दहा जणांविरुद्ध मधली जागा आपोआप मोकळी झाली आणि गोल शेवटी राइट बॅकच्या क्रॉसवरच आला ना. फायनलला परत तोच हमाल, पूर्ण १२० मिनिटं. ०-०, पेनल्टीवर ३-२.

ही फायनल कंटाळवाणी होती हे मी पण मान्य करतो, माझा काका तर एक्स्ट्रा टाइम लागायच्या आधीच खुर्चीत घोरायला लागलेला. पण सात मॅचमध्ये ब्राझीलने तीनच गोल खाल्ले, आणि ते सुद्धा दोन्ही बॅक सतत वर असताना. सस्पेंड झालेल्या लेफ्ट बॅकच्या जागी आलेल्या म्हाताऱ्याने हॉलंडविरुद्ध ८१ व्या मिनिटाला फ्री किकवर विजयाचा गोल मारला, मॅच ३-२. माझ्या हिशोबात कॅप्टनला बसवणं बरोबर होतं. ज्यांनी १९८२ ची टीम लाइव्ह बघितली ते हे मरेपर्यंत मान्य करणार नाहीत, आमच्या हायस्कूलचे पीटीचे सर त्यातलेच, आणि माझ्या लग्नात पण त्यांनी हाच विषय काढलेला.

फायनलला विसाव्या मिनिटाच्या आसपास राइट बॅक दुखापतीने गेला आणि बेंचवरून एक पोरगा आला. तो पुढे सलग तीन वर्ल्ड कप फायनल खेळला, असा तो एकटाच. २००२ ला तोच कॅप्टन, पण तेव्हा ब्राझीलने मागे तीन ठेवून या दोन्ही बाजूवाल्यांना पार विंगबॅक केलेलं, मधला हिशोबच वेगळा. आपल्याकडे कॉमेंट्रीत फुलबॅक आणि विंगबॅक एकच समजून बोलतात, तो फरक एवढाच की विंगबॅकच्या मागे तिसरा स्टॉपर (मधला बॅक) पगारावर ठेवलेला असतो, फुलबॅकला उधारीवर मधल्या माणसावर जगावं लागतं.

ही उधारी किती महागात पडते ते २००५ ला इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला दिसलं. मिलानच्या लाल-काळ्या क्लबचं मिडफिल्ड डायमंड, म्हणजे हिऱ्याच्या आकारात, चौघंही आत, आणि उजव्या बाजूला एकटा तोच ब्राझीलवाला, आता ३४ वर्षांचा. पहिल्या मिनिटाला मिलानच्याच लेफ्ट बॅकचा गोल, हाफटाइमला ३-०. समोरच्या लिव्हरपूलच्या कोचने हाफटाइमला राइट बॅक काढून मिडफिल्डर टाकला, मागे तीन केले, मधे गर्दी केली आणि कडा मोकळ्या वापरल्या. पहिला गोल डावीकडून आलेल्या क्रॉसवर, म्हणजे आपल्या ३४ वर्षांच्या बाबांच्याच बाजूने, आणि सहा मिनिटांत ३-३. पेनल्टीवर कप गेला. त्या रात्री मी कणकवलीला मित्राच्या रूमवर होतो, तिसरा गोल झाला तेव्हा खालच्या घरमालकांनी काठीने छत वाजवलं.

२०१३ नंतर म्युनिकमध्ये एका स्पॅनिश कोचने उलटंच केलं, बॅकला वर पाठवायच्या ऐवजी आत आणलं, मिडफिल्डमध्ये. मधे उभं राहायला वेगळा हमाल कशाला, बॅकलाच उभा करा. कडेला परत विंगर आले. याच कोचने २०२२-२३ ला मँचेस्टरमध्ये स्टॉपरलाच मधे ढकलला आणि एका सीझनमध्ये तीन कप घेतले. १९६६ ला घालवलेले विंगर असे मागच्या दाराने घरात आले.

आपल्या शेजारी बघायचं तर गोव्याचा क्लब. तिथे पण स्पॅनिश कोच, आणि मूळचा विंगर असलेला गोंयकार पोरगा त्याने लेफ्ट बॅकला आणला. २०१९-२० ला लीग शील्ड (लीगमध्ये पहिल्या नंबरची ढाल) आली. बांद्यापलीकडे हे चालू होतं तेव्हा आमच्या टुर्नामेंटमधली पोरं मोबाइलवर तेच बघत होती, म्हणून मला वाटतं आमच्याकडचे पळके बॅक ब्राझीलवरून आले नाहीत, गोव्यावरून आलेत.

फक्त एक गोष्ट अजून आलेली नाही. मागच्या महिन्यात एका सेमीफायनलला मी लाइनवर उभा होतो, दोन्ही बॅक वर गेलेले, मधला पोरगा एकटा सेंटर सर्कलपाशी थांबलेला, बरोबर थांबलेला. बॉल गेला, काउंटर आला, त्याने एकट्याने अडवला. आणि त्याच्याच टीमचा मॅनेजर बाहेरून ओरडला, "मेल्या, थंय काय झोपलंस, फुडे जा!"