कुंभारीहून पाऊण तासात कुठवर?

शहराच्या वाहतुकीचा वीस-तीस वर्षांचा आराखडा करायचा म्हटलं की मोजणीवाले आधी चौकात उभे राहतात. किती गाड्या गेल्या, कुठं तुंबल्या. मग उत्तरही उड्डाणपुलाचंच निघतं. पण जी बाई चौकापर्यंत येऊच शकली नाही, ती मोजणीत येणार कशी?

१९५९ साली वॉल्टर हॅन्सन या अमेरिकी अभ्यासकानं मोजपट्टीच वेगळी धरली. गाडीचा वेग बाजूला ठेवा. माणूस राहतो तिथून किती कामं, दवाखाने, बाजार त्याच्या आवाक्यात आहेत ते मोजा. जितकं लांब, तितकं वजन कमी. घरबसल्या करून बघायचं तर नकाशावर एक घर घ्या आणि पाऊण तासात पोचता येईल तिथवर रेघ मारा.

सोलापुरात मी ते घर कुंभारीला घेईन. अक्कलकोट रस्त्यावर, शहराच्या हद्दीपलीकडे. विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत इथं उभी राहिली, २००६ मध्ये किल्ल्या मिळाल्या. जानेवारी २०२४ मध्ये इथल्याच रे नगर वसाहतीतली १५,००० घरं दिली गेली. घर झालं, शहर मात्र लांबलं. विड्या घरी वळल्या तरी पान-तंबाखू आणायला, माल द्यायला जावंच लागतं. शिवाय रेशन, पोराची शाळा, सासूला घेऊन सिव्हिल. एका फेरीत तीन कामं उरकायची, तीही बहुधा पायी किंवा शेअर रिक्षानं. अशा प्रवासाची नोंदसुद्धा नीट होत नाही. २०११ च्या जनगणनेत कामाचं अंतर आणि साधन विचारलं, ते शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांना. घरात विड्या वळणारी घरगुती उद्योगात धरली गेली, की तिचा प्रवास त्या तक्त्यातून गायब.

रस्ता किंवा पूल बांधून किती फायदा हे ठरवताना वाचलेल्या वेळेची किंमत मिळकतीवरून लावली तर आणखी गंमत. मोटारवाल्याची दहा मिनिटं महाग, हिची स्वस्त. फायद्याचं पारडं आपोआप मोटारीकडे झुकतं.

आता बस. दर वीस मिनिटांनी नेमानं आली, तर थांब्यावर सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्याच बस, पण एक पाच मिनिटांनी आणि पुढची पस्तीस मिनिटांनी आली तर? दर चाळीस मिनिटांतली पस्तीस मिनिटं लांब खंडातच जातात, म्हणून बहुतेक माणसं त्यातच सापडतात. सरासरी थांबणं साडेपंधरा मिनिटांच्या वर जातं. बस एकही कमी झालेली नाही, हे विशेष. आपल्याला वाटतं, आपलंच नशीब फुटकं. नशीब कसलं, गणित आहे ते.

थांब्यापर्यंत चालायची दहा मिनिटं धरा. पाऊण तासातून प्रत्यक्ष बसमध्ये बसायला उरतात जेमतेम एकोणीस मिनिटं. बस नेमानं आली असती तर पंचवीस. नकाशावरची रेघ तेवढी आत सरकते, आणि सिव्हिल तिच्या कुठल्या बाजूला पडतं ते बघायचं.