विटा बदलल्या, तर पेटंट मिळतं का?

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळईचं पोलाद करणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांना आतून रॅमिंग मास (उष्णता सोसणारी भुकटी) ठोकून अस्तर देतात. हे अस्तर बहुधा सिलिकाचं, म्हणजे आम्लधर्मी असतं. भट्टीत चुना टाकला की अस्तरच खाल्लं जातं, आणि चुन्याशिवाय भंगारातला फॉस्फरस निघत नाही. मग भंगार निवडून घ्या, नाहीतर भट्टीत सुधारणा करा. अशी सुधारणा कुणी केली, तर कायद्याच्या नजरेत ती शोध ठरते की सहज सुचण्याजोगी गोष्ट?

हे कोडं जुनं आहे. 1856 मध्ये हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद केलं, पण त्याच्याही अस्तरात सिलिकाच होती. फॉस्फरस आत राही आणि पोलाद थंडीत ठिसूळ होई. लंडनच्या पोलीस कोर्टातला कारकून सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा रसायनज्ञ चुलतभाऊ पर्सी यांनी डोलोमाइटचं अस्तर लावलं, वर चुना टाकला. फॉस्फरस चुन्याला धरून मळीत (वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या गाळात) उतरला. 1879 मध्ये मिडल्सब्रोला तसं पोलाद निघालं. आज वाटतं, विटाच तर बदलल्या! पण जॉर्ज स्नेलस या इंग्रज धातुतज्ज्ञाने 1872 मध्येच चुन्याच्या अस्तराचं पेटंट घेतलं होतं, तरी कारखान्यांची अडचण सुटली नव्हती. उत्तर कळल्यावर प्रश्न सोपा वाटतो, आणि पेटंटचा निवाडा करताना हीच चूक सर्वांत घातक असते, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. भांडी लेथवर फिरवून चकाकी आणताना ती हेडस्टॉकवरून (लेथच्या फिरत्या टोकावरून) उडत. म्हणून एका कारखान्याने ती दाबून धरणारी दांडी बसवली आणि पेटंट घेतलं. बिश्वनाथ प्रसाद खटल्यात 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. लेथला टेलस्टॉक (समोरून आधार देणारं टोक) असतो हे कारागिराला आधीपासून ठाऊक होतं. निव्वळ कारखान्यातली सुधारणा पुरेशी नाही, असं न्यायालय म्हणालं.

2005 च्या दुरुस्तीनंतर भारताचा पेटंट कायदा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व मागतो. शिवाय ती गोष्ट त्या कामातल्या तरबेज माणसाला सहज सुचणारी नसावी लागते, आणि तीही अर्जाच्या आधीच्या ज्ञानावरून. सुधारणा सहज सुचणारी नव्हती हे दाखवायला इथे भट्टीवरचं हीट रजिस्टर (प्रत्येक वितळीची, म्हणजे हीटची, नोंदवही) कामी येतं: किती हीट फसल्या, अस्तर कितव्या हीटला गेलं, फॉस्फरस कुठून कुठे आला, सगळं तारखेसकट.