लांब इंग्रजी शब्द तोडायचा कुठे? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

लांब इंग्रजी शब्दाचे तुकडे उच्चाराप्रमाणे पाडावेत की घडणीप्रमाणे, हा वाद आज ज्या स्वरूपात दिसतो, त्याचे बरेचसे मूळ 1783 साली अमेरिकेत निघालेल्या एका शालेय स्पेलिंग-पुस्तकात आहे. तोवरच्या पुस्तकांत दोन स्वरांमधले एकटे व्यंजन सरसकट पुढच्या स्वराला जोडले जाई. त्यामुळे ‘हॅबिट’चे तुकडे ‘एच-ए’ आणि ‘बी-आय-टी’ असे पडत. स्वरावर संपणारा सिलॅबल (एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा) दीर्घ वाचायला शिकलेले मूल साहजिकच ‘हेबिट’ वाचे. नव्या पुस्तकाच्या शिक्षक-लेखकाने ‘बी’ उचलून पहिल्या तुकड्यात बसवला, ‘बिशप’मधला ‘श’ही मागे ओढला आणि ‘टी-आय-ओ-एन’ या शेपटाचे दोन सिलॅबल मोजण्याची रीत मोडून ते एकच धरले. वाचायला शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय निर्विवाद सोयीचा होता.

मात्र त्याची किंमत शब्दाच्या घटकांनी, म्हणजे तो ज्या अर्थपूर्ण भागांपासून घडतो त्यांनी, मोजली. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात (उच्चारातला जोर) पहिल्या सिलॅबलवर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो, आघातयुक्त ऱ्हस्व स्वर पुढचे व्यंजन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे ‘ग्राफ’चा ‘जी’ मागे जातो आणि मूळ घटक मधोमध चिरला जातो. ब्रिटिश मुद्रणपरंपरेचा कल घटक जपण्याकडे राहिला, म्हणून ‘नॉलेज’ तेथे ‘नो’च्या (‘के-एन-ओ-डब्ल्यू’) स्पेलिंगनंतर तुटे, तर अमेरिकेत ‘एल’ पहिल्या तुकड्यात जाई.

पुढे शब्दकोशांतल्या ठिपक्यांनी गोंधळ वाढवला. अनेक कोशांत मुख्य शब्दामधले ठिपके ओळीअखेर शब्द कुठे तोडता येईल एवढेच सांगतात. ‘अबाउट’चे सिलॅबल दोन असूनही त्यात ठिपका नसतो, कारण एकटे अक्षर ओळीअखेर सोडायचे नाही असा छपाईचा संकेत आहे. तरीही वर्गात हेच ठिपके सिलॅबल म्हणून शिकवले जातात, ही खरी अडचण.

संगणकाने हा वाद मिटवला नाही, बाजूला ठेवला. 1983 सालच्या एका अमेरिकन प्रबंधात कोशातून काढलेले 4447 अक्षर-आकृतिबंध (अक्षरांच्या ठरावीक जुळण्या) वापरून, शब्द तोडण्यास परवानगी असलेल्या 89 टक्के जागा संगणकाला जवळजवळ बिनचूक सापडल्या. हे तंत्र ना अर्थ पाहते ना आघात. ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ हे शब्द नाम असताना एका जागी तुटतात, क्रियापद असताना दुसऱ्या. त्यामुळे या तंत्राच्या अपवादांच्या छोट्याशा यादीत ते मुळीच न तोडण्याचे शब्द म्हणून नोंदवावे लागले.