दत्तू भोकनळ

दत्तू बबन भोकनळ (जन्म : १९९१) हे भारतीय नौकानयनपटू आणि रिओ ऑलिंपिकमध्ये (२०१६) रोइंगमधील भारताचे एकमेव प्रतिनिधी. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही (ता. चांदवड) हे त्यांचे गाव. चांदवड तालुका अवर्षणप्रवण. इथल्या मुलाने वल्ही हाती धरावीत, हेच मुळात नवल. लहानपणापासून त्यांनी वडिलांबरोबर मजुरी केली, पेट्रोल पंपावरही काम केले. २०११ मध्ये वडील वारले आणि पुढच्या वर्षी ते सैन्यात दाखल झाले. पुण्यात बॉम्बे सॅपर्समध्ये (सैन्याचे अभियंता दल) असताना त्यांची उंची प्रशिक्षकांच्या नजरेत भरली आणि रोइंग सुरू झाले.

त्यांचा प्रकार सिंगल स्कल्स : एक माणूस, दोन वल्ही, २,००० मीटर. नाव चिंचोळी, किमान वजन अवघे १४ किलो. तोल जरा ढळला तरी ती डगमगते. खेळाडू शर्यतीच्या दिशेला पाठ करून सरकत्या बैठकीवर बसतो. आधी पाय रेटायचे, मग पाठ, शेवटी हात. जोर हातांचा वाटतो, पण खरे काम मांड्या करतात.

चुंगजू (दक्षिण कोरिया) येथील पात्रता स्पर्धेत दुसरे येऊन त्यांनी ऑलिंपिक गाठले. त्याच सुमारास आई अपघातानंतर कोमात होती. रिओत उपान्त्यपूर्व फेरीत ते चौथे आले, त्यामुळे पदकाची वाट बंद झाली. तरीही १३ ते १८ क्रमांक ठरवणारी ‘क’ अंतिम शर्यत ६:५४.९६ मिनिटांत जिंकून त्यांनी एकूण १३वे स्थान मिळवले. लंडन ऑलिंपिकमध्ये (२०१२) याच प्रकारात भारताचे सवर्ण सिंग १६वे होते, हे पाहता या स्थानाचे मोल मोठे आहे.

२०१८च्या आशियाई स्पर्धेत (पालेमबांग) एकेरीत ते अखेरचे, सहावे आले. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, त्याच सवर्ण सिंगसह ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्या साथीने त्यांनी क्वाड्रुपल स्कल्सचे (चौघांची नाव, प्रत्येकाला दोन वल्ही) सुवर्ण जिंकले. बजरंगलाल ताखर (२०१०) यांच्यानंतरचे या खेळातले हे भारताचे दुसरेच आशियाई सुवर्ण.

एकेरीची ती शर्यत मुद्दाम अर्धवट सोडल्याचा ठपका ठेवून राष्ट्रीय महासंघाने २०१९ मध्ये त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. प्रकृती बिघडली होती, असे त्यांचे म्हणणे होते. आदल्या दिवशी गळून गेलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी सुवर्ण जिंकतो, तेव्हा त्याच्या जिद्दीवर शंका घेणे पटत नाही. २०२० मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.