तापलेलं दार आणि चंदेरी कागद

उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅरेजात आतून पत्र्याच्या दाराजवळ उभं राहून पाहा. पत्र्याला हात लावावाच लागत नाही, हातभर अंतरावरूनच गालाला धग लागते. मान वळवली की गाल निवतो आणि कान तापतो. मधली हवा काही इतकी गरम नसते. मग ही धग येते कशी?

शाळेत वहन, अभिसरण आणि प्रारण असे उष्णतेचे तीन मार्ग आपण पाठ केलेले असतात. दाराचा विषय निघाला की मात्र बहुतेकांना वहनच आठवतं, आणि त्यात चूक काही नाही. अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा उष्णतेला जवळपास अडवतच नाही. अडीच सेंटिमीटर थर्माकोल जेवढा अडथळा करतो, तेवढा पोलादाकडून हवा असेल तर दार ३० मीटरहून जाड करावं लागेल! पण पत्र्याच्या आतल्या बाजूला पोचलेली उष्णता पुढे खोलीत येते ती निम्म्याहून जास्त प्रारणाने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. गालाला लागते ती हीच.

ती किती, याचा हिशोब भौतिकशास्त्रज्ञ योसेफ श्टेफानने १८७९ साली मांडलेल्या नियमाने करता येतो. पृष्ठभाग जी उष्णता प्रारित करतो, ती त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे केल्विनमधल्या तापमानाच्या, चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. गडद रंगाचा पत्रा ६५ अंश सेल्सिअसला गेला आणि आतल्या भिंती ३५ अंशांवर आहेत असं धरू. देवाणघेवाणीची वजाबाकी केली तर दर चौरस मीटरमागे साधारण २०० वॉट आत येतात. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार दहा चौरस मीटरच्या आसपास असतं. म्हणजे भर उन्हाळ्यात दोन हजार वॉटचा हीटर लावून ठेवल्यासारखंच झालं.

इथे चंदेरी कागद, म्हणजे अॅल्युमिनियम फॉइल, कामाला येतो. तो उष्णता परावर्तित करतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा दुसरा गुण मला जास्त गमतीचा वाटतो. तो स्वतः तापला तरी उष्णता सोडत नाही म्हटलं तरी चालेल. आदर्श काळी वस्तू, म्हणजे त्या तापमानाला जास्तीत जास्त प्रारण सोडणारी वस्तू, जेवढं सोडेल त्याच्या ९० टक्के रंगवलेला पत्रा सोडतो, चकचकीत फॉइल जेमतेम ५ टक्के. म्हणून दाराच्या आतल्या बाजूला नुसता फॉइल चिकटवला, तरी ते २०० वॉट दहा-बारावर येतात. हवेशी होणारी देवाणघेवाण अर्थात चालूच राहते.

मात्र फॉइलच्या एका बाजूला तरी मोकळी हवा हवी. पत्रा आणि उष्णता अडवणारा फोम यांच्यामध्ये तो घट्ट दाबून बसवला, तर तो साधा धातूच उरतो, आणि अॅल्युमिनियम तर पोलादापेक्षाही चांगला वाहक. आणखी एक फसगत म्हणजे तापमान मोजायची गन. ती अवरक्त किरणांवरूनच अंदाज बांधते, त्यामुळे फॉइलवर रोखली की खोटा थंडपणा दाखवते. फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्याचं तापमान घ्यावं.

हवेकडून येणारी उष्णताही रोखायची, तर फोमचा थर हवाच. माझी पसंती आतल्या बाजूला फॉइल असलेल्या फोमच्या पाट्यांना. उघडा थर्माकोल पेट घेतो, तो तसा लावू नये. खरेदी करताना ‘आर’ हा आकडा, म्हणजे थर उष्णतेला किती अडथळा करतो त्याचं माप, कोणत्या एककांतला आहे ते विचारावं. अमेरिकी आकडा मेट्रिक आकड्याच्या सुमारे ५.७ पट दिसतो, त्यामुळे १६ वाचून हुरळून जायचं कारण नाही.

थर बसवल्यावर बाहेरचा पत्रा आधीपेक्षा जास्त तापतो, कारण त्याची आत जाणारी वाट बंद झालेली असते. गडद रंग असेल तर ऊन लागणारी बाजू प्रसरण पावते, आतली पावत नाही, आणि दाराची फळी धनुष्यासारखी वाकू शकते. म्हणून आधी बाहेरून पांढरा रंग, मग आतून फोम. कडांच्या फटींना रबरी पट्ट्या लावायच्याच.

वजनाकडे सहसा कोणी बघत नाही. वर सरकणारं दार स्प्रिंगच्या ताणावर तोललेलं असतं, आणि पाच-दहा किलोंनीही तो तोल बिघडतो. दार बंद असताना ते उचलणारी मोटर दारापासून सोडवावी, ते हाताने अर्ध्यावर उचलावं आणि पकड हळूहळू सैल करावी. खाली घसरू लागलं तर ताण वाढवायला हवा. ते काम कारागिराचंच, कारण त्या स्प्रिंगमध्ये हात मोडण्याइतकी ऊर्जा साठलेली असते.

एवढं सगळं केल्यावर संध्याकाळी गाडी आत येते. दीडशे किलोचं, ९० अंशांवर तापलेलं इंजिन निवताना ढोबळमानाने विजेच्या सव्वा युनिटाइतकी उष्णता सोडतं, आणि आता तिला बाहेर जायला पत्र्याची वाट उरलेली नसते. गाडी लावल्यावर तासभर दार वीतभर वर ठेवावं, आणि उंचावर एखादा झरोका असेल तर तोही उघडावा.